नारिंजेनिन मायटोकॉन्ड्रियातलं पोटॅशियम चॅनेल उघडतं, म्हणजे नेमकं काय करतं?

तुमचा प्रश्न असा आहे: सेमिनारसाठी वाचताना तुम्हाला सापडलं की ग्रेपफ्रूटसारख्या फळातलं नारिंजेनिन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलातलं एक पोटॅशियम चॅनेल उघडतं आणि त्यामुळे हृदयाच्या पेशी वाचतात. वनस्पतीतला एक छोटा रेणू चॅनेल उघडतो म्हणजे काय करतो, ते उघडलं हे कळतं कसं, आणि पटलाला भोक पडल्यावर पेशी मरायची सोडून वाचते कशी? शिवाय घरच्यांनी विचारलंय की मग याच्या गोळ्या मिळतात त्या घ्यायच्या का.

आधी थोडक्यात सांगते. चॅनेलवरचा परिणाम खरा आहे, तो एकेका चॅनेलच्या पातळीवर मोजला गेलेला आहे. पण तो रेणू चॅनेलच्या प्रोटीनला जाऊन चिकटतो की भोवतालच्या मेदाच्या थरात बदल करतो, हा वेगळा प्रश्न आहे. हृदयाला मिळणारं संरक्षण त्या चॅनेलमुळेच मिळतं का, हा त्याहून वेगळा. पेपर वाचताना हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नका. गोळ्यांबद्दलचं माझं उत्तर 'नको' असं आहे, त्याची कारणं पुढे येतील. मी बरीच वर्षं मायटोकॉन्ड्रियावर पॅच क्लॅम्प करत आले आहे, म्हणजे काचेच्या बारीक पिपेटच्या टोकावर पटलाचा तुकडा धरून त्यातल्या चॅनेलमधून वाहणारा प्रवाह मोजत आले आहे, त्यामुळे मोजणीबद्दल जास्त लिहीन. या विषयातले बहुतेक गोंधळ मोजणीपाशीच सुरू होतात.

मायटोकॉन्ड्रियाला दोन पटलं असतात. बाहेरच्या पटलात व्हीडॅक नावाची रुंद छिद्रं आहेत. शाइन, कोलंबिनी आणि फिंकेलस्टाइन यांनी ती १९७६ साली पॅरामेशियमच्या मायटोकॉन्ड्रियातून काढून कृत्रिम पटलात दाखवली. एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू), तो वापरल्यावर उरणारं एडीपी, साधे आयन यातून ये-जा करतात. तुमच्या प्रश्नाचा सगळा ताण आतल्या पटलावर आहे. श्वसनसाखळी, म्हणजे अन्नातली ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने वापरणारी प्रोटीनांची मालिका, प्रोटॉन बाहेर ढकलते आणि त्यामुळे आतल्या पटलाच्या दोन बाजूंमध्ये १५० ते १८० मिलिव्होल्टचा फरक तयार होतो, आतली म्हणजे मॅट्रिक्सची बाजू ऋण. आकडा किरकोळ वाटतो. पण पटलाची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर आहे, म्हणजे दर मीटरला ३ कोटी व्होल्टच्या आसपास विद्युतक्षेत्र. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेली आणि १९७८ चं नोबेल मिळवून देणारी कल्पना हीच: एटीपी बनवायची ऊर्जा या फरकात साठवलेली असते.

आता पोटॅशियमचा हिशेब करून बघा. पेशीद्रवात पोटॅशियम सुमारे १४० मिलिमोलर असतं. आत १८० मिलिव्होल्ट ऋण असेल आणि पटल पोटॅशियमला पूर्ण खुलं असेल, तर समतोलाला आतलं प्रमाण बाहेरच्या हजारपट व्हायला हवं. दर ६० मिलिव्होल्टला दहापट, हा नर्न्स्टचा हिशेब तुम्हाला पाठ असेलच. म्हणजे १४० मोलर, आणि असं द्रावण अस्तित्वातच असू शकत नाही. त्याच्या कितीतरी आधी पाणी आत शिरून मॅट्रिक्स फुगेल आणि पटल फाटेल. म्हणून आतलं पटल पोटॅशियमला जवळजवळ बंद असतं, आणि जे थोडं आत झिरपतं ते पोटॅशियम-प्रोटॉन एक्स्चेंजर बाहेर काढतो. अशा पटलात कुणी पोटॅशियमचं मोठं चॅनेल ठेवलेलं असेल हे सुरुवातीला पटण्यासारखं नव्हतं. मिचेल यांच्या मांडणीनंतर तीस वर्षांनी, १९९१ मध्ये, इनोउए आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतातल्या मायटोकॉन्ड्रियावर पॅच क्लॅम्प करून एटीपीने बंद होणारं पोटॅशियम चॅनेल दाखवलं. १९९९ मध्ये झीमेन आणि सहकाऱ्यांनी मानवी ग्लायोमाच्या (मेंदूतल्या एका गाठीच्या) पेशींमध्ये दुसरं दाखवलं. ते कॅल्शियमने उघडतं आणि त्याचं कंडक्टन्स, म्हणजे प्रवाह वाहू देण्याची क्षमता, ३०० पिकोसीमेन्सच्या जवळ आहे. २००२ मध्ये हृदयपेशींच्या मायटोकॉन्ड्रियात तेच सापडलं. कॅल्शियमने उघडणाऱ्या अशा मोठ्या पोटॅशियम चॅनेलला बीके म्हणतात, म्हणून मायटोकॉन्ड्रियातलं हे मायटो-बीके. नारिंजेनिनची गोष्ट या चॅनेलभोवती फिरते.

रेणूची ओळखही नीट करून घ्या, कारण इथे नावांची गल्लत फार होते. नारिंजेनिन हा फ्लॅव्हॅनोन आहे: १५ कार्बन, रेणुभार २७२, तीन हायड्रॉक्सिल गट, पाण्यात फारसा न विरघळणारा. वनस्पतीच्या दृष्टीने तो मोक्याच्या जागी बसलेला आहे, कारण कॅल्कोन या आधीच्या टप्प्यातल्या रेणूपासून तो तयार होतो आणि पुढे कितीतरी फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतल्या रेणूंचं एक मोठं कुटुंब) त्याच्यापासून बनतात. ग्रेपफ्रूटमध्ये मात्र तो मोकळा जवळजवळ नसतोच. त्याला दोन साखरा जोडलेल्या असतात आणि त्या रूपाला नारिंजिन म्हणतात. फळाचा कडवटपणा त्याचा. रेणुभार ५८० पर्यंत जातो, आणि साखरा जोडलेला हा रेणू मेदाच्या थरातून सहज जात नाही. आतड्यातले जिवाणू साखरा तोडतात तेव्हा कुठे नारिंजेनिन मोकळं होतं. प्रयोगशाळेत पिपेटजवळ टाकतात ते नारिंजेनिन, गोळ्यांच्या बाटलीवर लिहिलेलं असतं ते कधीकधी नारिंजिन. दोन्हींचे निष्कर्ष एकाच वाक्यात घातलेले दिसले तर तो लेख बाजूला ठेवा.

पुरावा कुठून आला? २००६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी उंदराच्या शेपटीतल्या रोहिणीच्या स्नायुपेशी घेतल्या आणि नारिंजेनिन पेशीच्या बाहेरच्या पटलातलं बीके चॅनेल उघडतं हे दाखवलं. तेव्हा मायटोकॉन्ड्रियाचा संबंध नव्हता. २०१३ मध्ये पिसामधल्या टेस्टाई आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं: उंदराला आधी नारिंजेनिन दिलं, मग हृदयाचा रक्तपुरवठा थांबवून पुन्हा सुरू केला, तर इजा कमी झाली. पॅक्सिलिन हे बीके बंद करणारं बुरशीचं विष आधी दिलं तर हा फायदा गेला. सुट्या मायटोकॉन्ड्रियावरही त्यांना पटलाचा व्होल्टेज थोडा उतरलेला आणि कॅल्शियमचं शोषण कमी झालेलं दिसलं. त्यानंतर वॉर्सामधल्या गटाने रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या मानवी पेशींच्या मायटोकॉन्ड्रियावर थेट पॅच क्लॅम्प करून एकेका मायटो-बीके चॅनेलवर नारिंजेनिनचा परिणाम टिपला. या तीन कामांमधलं तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हृदय वाचलं हा निष्कर्ष शंभर वाटांनी येऊ शकतो. एका चॅनेलचा ट्रेस, म्हणजे त्यातून वाहणाऱ्या प्रवाहाचा आलेख, फार थोड्या वाटांनी बदलतो.

तो ट्रेस मिळतो कसा हे जवळून पाहा, मग पेपरातल्या आकृत्या वेगळ्या नजरेने दिसतील. आतल्या पटलापर्यंत पिपेट पोचवायची तर बाहेरचं पटल दूर व्हायला हवं. म्हणून वेगळे केलेले मायटोकॉन्ड्रिया आधी जवळजवळ क्षार नसलेल्या द्रावात टाकतात. पाणी आत शिरतं, आतल्या पटलाच्या घड्या उलगडतात आणि बाहेरचं पटल फाटतं. लगेच पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण घालून क्षारांचं प्रमाण पुन्हा १५० मिलिमोलरवर आणतात. उरतो तो मायटोप्लास्ट: सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा दोन ते पाच मायक्रोमीटरचा पारदर्शक गोल, आणि बहुतेक वेळा त्याच्या एका कडेला बाहेरच्या पटलाचा उरलेला गडद ठिपका. तो ठिपका फार मोलाचा आहे. तो दिसला म्हणजे हा गोल पेशीतल्या दुसऱ्या कुठल्या तरी पटलाची पुडी नसून खरोखर मायटोकॉन्ड्रियाच आहे याची खात्री होते. पिपेट ठिपक्यापासून दूर टेकवायची, हलकं शोषण द्यायचं, काचेची आणि पटलाची गच्च पकड झाली की पिपेट मागे घ्यायची. पटलाचा तुकडा टोकावर राहतो आणि त्याची मॅट्रिक्सकडची बाजू बाहेरच्या द्रावाकडे येते. मग त्या बाजूला कॅल्शियम कमी-जास्त करता येतं, नारिंजेनिन देता येतं, धुऊन काढता येतं.

मायटो-बीके असेल तर ट्रेसमध्ये चौकोनी पायऱ्या दिसतात. २७० पिकोसीमेन्सचं चॅनेल ४० मिलिव्होल्टला सुमारे ११ पिकोअँपिअर वाहू देतं, म्हणजे सेकंदाला साडेसहा कोटींहून जास्त पोटॅशियम आयन. आकडा वाचून थांबू नका, पायरीची उंची आणि रुंदी वेगवेगळी बघा. नारिंजेनिन दिल्यावर पायरीची उंची बदलत नाही, चॅनेल उघडं राहण्याचा एकूण वेळ वाढतो. याला आम्ही ओपन प्रोबॅबिलिटी वाढली असं म्हणतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. रेणू नवं छिद्र पाडत नाही आणि असलेलं छिद्र रुंदही करत नाही. जे चॅनेल बंद आणि उघड्या स्थितींमध्ये सतत हेलकावे खात असतं, त्याचा तोल तो उघड्या बाजूला झुकवतो. मॅट्रिक्सच्या बाजूचं कॅल्शियम काढून घेतलं की चॅनेल शांत होतं, आणि पॅक्सिलिन दिलं तरी बंद होतं. एवढं सगळं एकाच पॅचमध्ये दाखवलेलं असेल तर मी त्या दाव्यावर विश्वास ठेवते.

इथून पुढे जपून चालावं लागतं. रेणूने तोल झुकवला हे ठरलं, पण कुठून? बीके चॅनेल चार सारख्या उपघटकांचं बनलेलं असतं, त्याला व्होल्टेज ओळखणारे भाग आहेत, कॅल्शियम धरणाऱ्या जागा आहेत, सोबत साहाय्यक उपघटकही असतात. नारिंजेनिन यांपैकी एखाद्या खोबणीत बसत असेल. पण दुसरी शक्यता वनस्पतिजन्य रेणूंच्या बाबतीत कायम समोर उभी असते. हे रेणू चपटे, अर्धे तेलकट, अर्धे पाण्याला मानवणारे असतात आणि मेदाच्या थराच्या पृष्ठभागालगत जाऊन बसतात. त्यामुळे थराची जाडी, ताठरपणा, वक्रता बदलते. चॅनेल उघडताना त्याचा आकार बदलतो आणि भोवतालच्या मेदाला वाकावं लागतं, तेव्हा मेद मऊ झाला तर चॅनेलचा तोल आपोआप बदलणार. पावसाळ्यात लाकडी दार अडकतं तेव्हा बिजागरीला काही झालेलं नसतं, चौकट फुगलेली असते, तसाच हा प्रकार आहे.

ही नुसती शंका नाही. २०१४ मध्ये ओलाफ अँडरसन यांच्या गटाने कॅप्सेसिन, कर्क्युमिन, हिरव्या चहातलं ईजीसीजी, जेनिस्टीन आणि रेस्व्हेराट्रॉल हे पाच प्रसिद्ध रेणू घेऊन तपासलं. त्यांनी ग्रॅमिसिडिन वापरलं. ही छोटी पेप्टाइडची नळी आहे. थराच्या दोन बाजूंना एकेक अर्धी नळी असते आणि दोन्ही जुळल्या तरच विद्युतप्रवाह वाहतो. अशा नळीत या पाचही रेणूंसाठी खास खोबण असण्याचं काही कारण नाही. तरीही पाचही रेणूंनी तिचं जुळणं बदललं, आणि ज्या मात्रांना ते थर बदलत होते त्याच मात्रांना एकमेकांशी नातं नसलेल्या पटलातल्या प्रोटीनांचं कामही बदलत होतं. एकच वनस्पतिजन्य रेणू वीस-वीस वेगवेगळ्या चॅनेलांवर काम करतो असे पेपर तुम्ही पाहिले असतील. त्यामागचं एक साधं कारण हे आहे. म्हणून 'नारिंजेनिन मायटो-बीके उघडतं' हे वाक्य मी लिहीन, पण 'नारिंजेनिन मायटो-बीकेला बांधलं जातं' हे लिहिण्याआधी त्या खोबणीतला एखादा अमिनो आम्ल बदलून परिणाम गेला का, हे विचारीन. संगणकावरच्या डॉकिंगच्या, म्हणजे रेणू प्रोटीनात कुठे बसेल याच्या अंदाजाच्या, रंगीत चित्राने माझं समाधान होत नाही. डॉकिंगमध्ये बहुतेक रेणू कुठे ना कुठे बसतातच.

तिसरी वाट आणखी साधी आहे. फिनॉलचे हायड्रॉक्सिल गट दुर्बल आम्ल असतात. असा रेणू प्रोटॉन घेऊन पटल ओलांडू शकला आणि सोडून परत येऊ शकला, तर तो अनकपलर ठरतो, म्हणजे एटीपी न बनवताच प्रोटॉनचा फरक वाया घालवतो. व्होल्टेज उतरतो, श्वसन वाढतं, कॅल्शियमचं शोषण घटतं. म्हणजे पोटॅशियम चॅनेल उघडल्यावर जे दिसतं अगदी तेच. दोन्ही वेगळे करायला साधा प्रयोग आहे: द्रावातून पोटॅशियम काढून टाका. पोटॅशियमच नसेल तर पोटॅशियमच्या चॅनेलने व्होल्टेज उतरवायचं कारण नाही, पण अनकपलर मात्र काम करतच राहील. हा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, सुट्या मायटोकॉन्ड्रियावर एका दुपारात होतो. तो नसलेल्या पेपरात व्होल्टेज दाखवणाऱ्या फ्लोरेसन्ट रंगाची चमक घटली एवढ्यावरून चॅनेलचं नाव घेतलेलं दिसलं, तर मला फार वाईट वाटतं, कारण पुढे तेच वाक्य दहा परीक्षण-लेखांमध्ये जसंच्या तसं जातं. रंगाच्या चमकेवर जास्त भिस्त ठेवू नये याला आणखी एक कारण आहे: कर्क्युमिनसारखे रेणू स्वतःच चमकतात आणि मोजणीत मिसळतात. शिवाय जास्त मात्रेला असे रेणू द्रावात एकमेकांना चिकटून सूक्ष्म गोळे बनवतात आणि ते गोळे प्रोटीनं शोषून घेतात. थोडंसं डिटर्जंट घातल्यावर परिणाम नाहीसा झाला तर समजायचं की मूळ परिणाम या गोळ्यांचा होता. हा कंट्रोल शुद्ध एन्झाइमसाठी ठीक आहे. मायटोकॉन्ड्रियावर डिटर्जंट चालत नाही, तिथे मात्रा कमी ठेवणं एवढाच उपाय.

ब्लॉकर (चॅनेल बंद करणारे) आणि ओपनर (उघडणारे) रेणू यांच्याकडेही संशयाने बघा. एनएस-१६१९ हे बीके उघडणारं म्हणून सर्रास वापरलं जातं, पण ते श्वसनसाखळीच्या पहिल्या कॉम्प्लेक्सलाही रोखतं. एटीपीने बंद होणारं चॅनेल उघडायला वापरतात ते डायझॉक्साइड दुसऱ्या कॉम्प्लेक्सला रोखतं. आयबेरिओटॉक्सिन हे विंचवाच्या विषातलं पेप्टाइड बीकेसाठी फार निवडक आहे, पण ते पेशीपटल ओलांडू शकत नाही. म्हणून अख्ख्या पेशीला ते बाहेरून दिलं आणि काही झालं नाही, तर त्यावरून मायटो-बीकेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पॅक्सिलिन पेशीत शिरतं, म्हणून ते वापरतात. शिरतं म्हणजेच ते पेशीपटलावरचं आणि मायटोकॉन्ड्रियातलं, दोन्ही बीके बंद करतं.

आणि दोन्ही एकाच जीनमधून येतात. २०१३ मध्ये सिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदयपेशीतलं मायटो-बीके हे केसीएनएमए-१ याच जीनचं उत्पादन आहे. शेवटाकडे ५० अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असलेली त्याची आवृत्ती मायटोकॉन्ड्रियात जाते. याच वर्षी रॉचेस्टरच्या गटाने दुसरी गोष्ट दाखवली: एनएस-११०२१ या ओपनरने अख्खं हृदय वाचतं आणि त्याला बीकेची गरज असते हे खरं, पण हृदयातल्या चेतागंडिकांचे (चेतापेशींच्या पुंजक्यांचे) संदेश हेक्झामेथोनियम या औषधाने अडवले की ते संरक्षण जातं. म्हणजे त्या ओपनरच्या बाबतीत महत्त्वाचं चॅनेल हृदयाच्या स्नायुपेशीत नसून हृदयातल्या चेतापेशींमध्ये असावं. नारिंजेनिनच्या अख्ख्या प्राण्यावरच्या निष्कर्षांकडे मी या पार्श्वभूमीवर बघते. पॅक्सिलिनने फायदा गेला म्हणजे बीके लागतं हे सिद्ध झालं. कोणत्या पेशीतलं आणि कोणत्या पटलातलं, ते त्या एका प्रयोगातून कळत नाही.

आता तुमचा सर्वांत चांगला प्रश्न: चॅनेल उघडल्यावर पेशी वाचते कशी? रक्तपुरवठा थांबला की पेशीत आम्लता वाढते, सोडियम आणि मागोमाग कॅल्शियम साचतं. खरी इजा रक्त परत आल्यावर होते. ऑक्सिजन येताच श्वसनसाखळी जोरात सुरू होते, पटलाचा व्होल्टेज परत चढतो, आणि या व्होल्टेजमुळेच साचलेलं कॅल्शियम युनिपोर्टरमधून (आतल्या पटलातल्या कॅल्शियमच्या वाटेतून) मॅट्रिक्समध्ये ओढलं जातं. सोबत ऑक्सिजनचे तिखट रेणू तयार होतात, आणि आम्लता उतरल्यामुळे परमिअॅबिलिटी ट्रान्झिशन पोअर या आतल्या पटलातल्या मोठ्या छिद्रावरचा लगामही सुटतो. हंटर आणि हॉवर्थ यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेलं हे छिद्र १५०० डाल्टनपर्यंतचे रेणू जाऊ देतं. ते उघडं राहिलं की व्होल्टेज शून्यावर येतो, मॅट्रिक्स फुगतं आणि पेशी संपते. हे सगळं पहिल्या काही मिनिटांत घडतं.

त्या मिनिटांत पोटॅशियम थोडं आत येऊ दिलं तर व्होल्टेज थोडा खाली राहतो. व्होल्टेज खाली म्हणजे कॅल्शियमला आत ओढणारा जोर कमी, आणि मोठं छिद्र उघडण्याची शक्यता कमी. छोटी गळती मोठी फूट टाळते. मायटो-बीके या कामाला इतकं नेमकं बसतं याचं कारण त्याच्या स्वभावात आहे. मॅट्रिक्स निरोगी आणि खूप ऋण असताना ते जवळजवळ बंद असतं. मॅट्रिक्समध्ये कॅल्शियम वाढलं आणि व्होल्टेज ढळला, तरच उघडण्याकडे झुकतं. नारिंजेनिनसारखा रेणू त्या झुकण्याला हात देतो. म्हणून निरोगी मायटोकॉन्ड्रियावर त्याचा परिणाम सौम्य आणि संकटात जास्त दिसावा अशी अपेक्षा ठेवता येते. ऑक्सिजनचे तिखट रेणू यात घटतात की संदेशापुरते किंचित वाढतात, यावर निरनिराळ्या प्रयोगशाळांची मतं जुळत नाहीत. सेमिनारमध्ये दोन्ही बाजू मांडा.

मात्र 'वनस्पतीचा रेणू मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावर काम करतो' हे ऐकून कुणी त्याला औषध समजू नये, म्हणून अॅट्रॅक्टिलोसाइडचं उदाहरण सेमिनारमध्ये जरूर घ्या. भूमध्य समुद्राभोवती उगवणाऱ्या एका काटेरी झुडपातून हा रेणू १८६८ मध्ये वेगळा केला गेला. तो आतल्या पटलातल्या एडीपी-एटीपी वाहकाला बाहेरच्या बाजूला उघड्या स्थितीत अडकवतो. मग एडीपी आत जात नाही, एटीपी बाहेर येत नाही. शिवाय कॅल्शियम जास्त असेल तर ट्रान्झिशन पोअर उघडायला तो मदत करतो. त्याचा जवळचा भाऊ कार्बॉक्सिअॅट्रॅक्टिलोसाइड झँथियम स्ट्रुमारियमच्या, म्हणजे शंकेश्वर नावाच्या तणाच्या, बियांत आणि कोवळ्या रोपांत असतो. २००७ मध्ये बांगलादेशातल्या सिल्हेट भागात पुरानंतर अन्नटंचाई असताना लोकांनी ही कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, १९ दगावले. २००३ मध्ये या विषाला धरून बसलेल्या वाहकाची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, आणि रेणू नेमक्या कोणत्या खोबणीत रुतून बसतो हे अणूंच्या पातळीवर दिसलं. नारिंजेनिनसाठी ज्या दर्जाचा पुरावा मी मघाशी मागत होते, तो असा दिसतो.

आता घरच्यांचा प्रश्न. बशीत मायक्रोमोलरमध्ये दिलेलं नारिंजेनिन आणि पोटात गेलेलं नारिंजेनिन यांत फरक आहे. २००१ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी निरोगी लोकांना भरपूर ग्रेपफ्रूट रस देऊन रक्तातलं नारिंजेनिन मोजलं. शिखराची सरासरी सुमारे ६ मायक्रोमोलर निघाली, माणसागणिक फरक मोठा होता. वरवर पाहता ही मात्रा प्रयोगांच्या जवळची वाटते. पण ही मोजणी रक्तद्रवावर एन्झाइमची क्रिया करून, जोडलेले गट तोडल्यानंतरची आहे. शरीरात बहुतेक नारिंजेनिन ग्लुक्युरोनाइड आणि सल्फेट हे गट जोडलेल्या रूपात फिरतं. ही रूपं ऋणभारित आणि पाण्याकडे ओढ असलेली आहेत. आतून ऋण असलेल्या मायटोकॉन्ड्रियात त्यांनी सहज शिरावं असं काही नाही. मोकळा रेणू फार थोडा उरतो, त्यातलाही बराचसा रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटतो.

दुसरं असं की प्राण्यांमध्ये रेणू इजेच्या आधी दिलेला असतो. माणसाला हृदयविकाराचा झटका कळवून येत नाही. ट्रान्झिशन पोअर रोखणारं सायक्लोस्पोरिन प्राण्यांमध्ये उत्तम ठरलं होतं, त्याची यंत्रणाही नारिंजेनिनपेक्षा कितीतरी पक्की माहीत होती. तरी २०१५ मध्ये ९७० रुग्णांवरच्या चाचणीत त्याने काहीच फायदा दिला नाही.

तिसरं कारण सुरक्षिततेचं आहे आणि ते घरी नक्की सांगा. ग्रेपफ्रूटमधले फ्युरानोकुमारिन नावाचे वेगळे रेणू आतड्याच्या अस्तरातलं सीवायपी-३ए४ हे औषधं मोडणारं एन्झाइम कायमचं निकामी करतात, आणि नवं तयार होईपर्यंत एक ते तीन दिवस जातात. त्या काळात फेलोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या, सिम्व्हास्टॅटिन, अवयवरोपणानंतरची टॅक्रोलिमससारखी औषधं रक्तात अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पोचतात. १९९१ मध्ये डेव्हिड बेली यांनी हा परिणाम 'द लॅन्सेट'मध्ये मांडला तेव्हा सुरुवातीला संशय नारिंजिनवरच होता. फ्युरानोकुमारिन काढून टाकलेला रस देऊन पाहिला तेव्हा परिणाम गेला आणि खरा कर्ता कळला. बाजारातल्या लिंबूवर्गीय अर्कांमध्ये फ्युरानोकुमारिन किती उरलेत हे लेबलवर बहुधा नसतं. घरात कुणाची हृदयाची, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची किंवा रोपणानंतरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्रेपफ्रूटचे अर्क आणि रस दोन्ही टाळा. औषधं चालू नसलेल्या निरोगी माणसाने फळ आवडीने खावं, गोळी घेण्याइतका पुरावा नाही.

सेमिनारसाठी माझी सूचना: तीनच आकृत्या निवडा. पहिली, एका चॅनेलचा ट्रेस; त्यात कॅल्शियम कमी केल्यावरचा भाग, नारिंजेनिन, धुऊन काढल्यावरचा भाग आणि पॅक्सिलिन एकाच पॅचमध्ये आहेत का ते बघा. दुसरी, सुट्या मायटोकॉन्ड्रियावरची. पोटॅशियम नसलेल्या द्रावातला कंट्रोल आणि नुसत्या डीएमएसओ या द्रावकाचा कंट्रोल शोधा, कारण नारिंजेनिन त्यातच विरघळवलेलं असतं. तिसरी, हृदयावरची. तिथे पॅक्सिलिन एकट्याने दिल्यावर इजेचं काय झालं हा स्तंभ आहे का, ते आवर्जून पाहा. पॅक्सिलिननेच इजा वाढत असेल, तर त्याने नारिंजेनिनचा फायदा पुसला या वाक्याचा अर्थ बदलतो, आणि प्रश्नोत्तरांत परीक्षक बहुधा तिथेच बोट ठेवतील.